वाजतीय का?

अण्णांनी बंडी हातात घेतली. उलटीपालटी करून पाहिली. आतल्या खिशातून डोकावणारी वायर दोन बोटांत धरली आणि म्हणाले, "ही अंगात घालून केदारला गेलो, तर मी देवाला वाहिलं काय?"

मला उत्तर सुचलं नाही. तेव्हाही नाही आणि पुढचे पंधरा दिवसही नाही.

अण्णा म्हणजे माझे थोरले बंधू. वय 71. शिरवळला नीरेकाठी आमची दोन एकराची पट्टी आहे, ती त्यांनी आयुष्यभर कसली. गळ्यात तुळशीची माळ येऊन तीस वर्षं झाली. माउलींची पालखी आमच्याच तालुक्यात लोणंदला मुक्कामाला येते, तिथे ते सामील होतात आणि पंढरपूरपर्यंत चालतात. करोनाची दोन वर्षं सोडली तर यात खंड नाही. आता येत्या मे महिन्यात केदारनाथ-बद्रीनाथ करायचं त्यांनी मनावर घेतलंय.

मी 2023 च्या ऑक्टोबरात तिथे जाऊन आलो. गौरीकुंडापासून सोळा किलोमीटरच्या वर चढ. घामाने भिजलेला सदरा अंगावरच गार होतो, आणि ऊन डोंगराआड गेलं की दहा मिनिटांत दात वाजायला लागतात. केदारनाथ 3,583 मीटरवर आहे. त्या रात्री मला चहाचा पेला हातात धरवेना, शेजारच्याने तो तोंडाला लावला. अण्णांना शुगर आहे. तळपायांची जाण निम्मीअधिक गेलेली. त्यांचं काय होईल या धास्तीने मी ही विजेची बंडी आणली.

आणण्याआधी पुष्कळ चौकशी केली, कारण एकदा फसलो होतो. स्वस्तात मिळाले म्हणून विजेचे हातमोजे घेतले, तर महिन्याभरात त्यांची बॅटरी पापडासारखी फुगली. फुगलेली लिथियमची बॅटरी म्हणजे घरात ठेवलेला निखाराच. तेव्हा या खेपेला नीट समजून घेतलं. या कपड्यांत पाठीवर आणि पोटाशी कार्बनच्या धाग्यांच्या पातळ पट्ट्या शिवलेल्या असतात, करंट गेला की त्या तापतात. बटण तीन टप्प्यांचं. काही कपडे साध्या पॉवरबँकेवर, म्हणजे 5 व्होल्टवर चालतात, काहींना 7.4 व्होल्टची त्यांचीच बॅटरी लागते. ते लवकर तापतात, पण वाटेत बॅटरी बसली तर दुसरी आणायची कुठून? म्हणून मी पॉवरबँकेवरची घेतली. 10,000 मिलिअँपिअरची पॉवरबँक म्हणजे 37 वॉट-तास. बंडीने 8 वॉट ओढले तर कागदावर साडेचार तास, प्रत्यक्षात त्याहून कमी. गारठ्यात तर ही बॅटरी आणखीच लवकर बसते, म्हणून ती अंगाशी आतल्या खिशात ठेवायची. शून्याच्या खाली पारा असताना चार्जिंगला लावायची नाही. विमानात मोठ्या सामानात टाकायची नाही, हातातल्या पिशवीतून न्यायची.

मोजे नकोत, बंडीच हवी, हे मात्र मला कुणाला विचारावं लागलं नाही. तेहेतीस वर्षं मी पशुधन पर्यवेक्षक म्हणून काढली. मिरज, खटाव आणि शेवटी आमचा खंडाळा तालुका. गारठलेल्या वासराचे आधी कान गार पडतात, मग खूर. शरीर पोट-छाती राखायला बघतं आणि टोकांकडचं रक्त आत ओढून घेतं. छाती गरम राहिली की रक्त आपण होऊन बोटांपर्यंत जातं. आणि ज्याच्या पायाची जाण गेलीय त्याला विजेचे मोजे घालणं हा तर अपराध आहे. चटका बसण्याइतकी धग नसली तरी तासन्‌तास एकाच जागी ऊब लागून राहिली की कातडी भाजते. ज्याला कळतच नाही तो पाय काढून घेणार कसा?

असं सगळं मी अण्णांना समजावून सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि पुन्हा तेच विचारलं, "ते बरोबर. पण वाहिलं काय?"

प्रश्न साधा नाही. आपल्याकडे थंडी सोसण्याला केवढा मान आहे! माघातल्या पहाटेच्या स्नानाचं पुण्य, कार्तिकातला काकडा, ओलेत्याने घातलेली प्रदक्षिणा. गीतेच्या दुसऱ्याच अध्यायात भगवंत अर्जुनाला सांगतात, की थंडी-ऊन, सुख-दुःख येणारं आहे आणि जाणारं आहे, ते सोसायला शीक. अण्णांना तो अध्याय पाठ आहे. पण त्याच गीतेच्या सतराव्या अध्यायात शरीराला छळणाऱ्या घोर तपाची निंदा आहे. असं तप करणारा देहात राहणाऱ्या मलाच कष्टवतो, असं भगवंत म्हणतात. दोन्ही एकाच ग्रंथातलं. मी हे पुढे केलं तर अण्णा म्हणाले, "ते दंभानं करणाऱ्याला म्हटलंय. मी काय लोकांना दाखवायला थंडी सोसणार हाय व्हय?" त्यांचं खरं होतं. श्लोकाचा अर्थ त्यांनी माझ्याहून नीट लावला होता.

मग मी त्यांना आमच्या पट्टीतल्या रात्री आठवून दिल्या. शेतीला लाइट रात्रीची. पौषात रात्री दोनला मोटर चालू करायची आणि गव्हाला पाणी पाजायला दारं धरायची. अनवाणी, पोटरीभर गार चिखलात, एका हातात खोरं, दुसऱ्यात बॅटरी. असं अण्णांनी चाळीस वर्षं केलं. पायाची जाण शुगरने गेली असं डॉक्टर सांगतात, पण मला वाटतं निम्मी त्या दारं धरण्याने नेली. मी विचारलं, "अण्णा, ते कुणाला वाहिलंत?" ते हसले नाहीत की चिडले नाहीत. म्हणाले, "ते कुणाला वाहणार? ते करावंच लागायचं."

त्यांच्या मनातली वाट मला तिथे थोडी दिसली. जी थंडी टाळता येत नव्हती ती नुसतीच थंडी. जी टाळता येते आणि तरी माणूस पत्करतो, ती देवाची. आयुष्यभर गारठा सोसावा लागलेल्या माणसाला एकदा तरी तो आपल्या हाताने उचलून कुणाला तरी द्यायचा होता. मी बंडी आणली आणि त्यांच्या हातातली ती एक वस्तूच काढून घेतली.

तरी मी हार मानली नव्हती. म्हटलं, देवाचंच पाहा. हिवाळा आला की पंढरपुरात विठोबाला कानपट्टी बांधतात, अंगावर शाल घालतात. पाडव्यापासून मृगापर्यंत चंदनाची उटी लावतात, त्याला उकडू नये म्हणून. बद्रीनाथाचे दरवाजे हिवाळ्यासाठी बंद होतात तेव्हा मूर्तीला घृतकंबल पांघरतात. जवळच्या माणा गावच्या बायका ते लोकरीचं कांबळं विणतात, त्याला तूप माखतात, आणि सहा महिन्यांनी दार उघडलं की तेच प्रसाद म्हणून वाटतात. देवळाच्या पायथ्याशीच तप्तकुंड आहे. बर्फाच्या मुलखात देवाने दर्शनाआधी भक्तासाठी गरम पाणी तयार ठेवलंय. जिथे देवच पांघरतो तिथे भक्ताने का कुडकुडायचं?

अण्णा म्हणाले, "देवाला आपण घालतो. देव मागत नाही."

आता हे बोलणं मिटवता येईना. खटावला आणि मिरजेला असताना पाहिलेल्या गोष्टी मला आठवायला लागल्या. सांगलीकडे दिगंबर जैन मुनींचा विहार नेहमी दिसतो. त्या भागातल्या घराघरांत आचार्य शांतिसागरांचा फोटो असतो. 1955 साली कुंथलगिरीला त्यांनी सल्लेखना घेतली, म्हणजे अन्नपाणी सोडून देह ठेवला. जैन शास्त्रात मुनींनी जिंकायचे 22 परीषह सांगितलेत, त्यात भूक आणि तहान यांच्या जोडीला थंडी आहे. एकदा मिरज तालुक्यात एका वस्तीवर म्हैस अडली म्हणून पहाटे गेलो, तर शेजारच्या शाळेत एक मुनी उतरलेले. डिसेंबर महिना. अंगावर सूत नाही, खाली लाकडी फळी. मी तरुण होतो, विचारून बसलो, "महाराज, थंडी वाजत नाही?" ते म्हणाले, "वाजते." एवढंच. पुढे काही सांगतील म्हणून मी थांबलो, पण ते तेवढंच होतं.

वाजत नाही असं ते म्हणाले असते तर मी नमस्कार करून विसरून गेलो असतो. विजेबद्दल तर जैन साधूंमध्ये मोठा वाद आहे. अग्नीत जीव असतात असं ते मानतात. मग वीज हा अग्नीच की निर्जीव पुद्गल, यावर त्यांच्यात दोन मतं आहेत आणि अनेक साधू आजही पंख्याखाली बसत नाहीत, दिव्याचं बटण दाबत नाहीत. ऊब घेताना आपण कुणाला तरी जाळतो आहोत का, हे विचारणारी ही माणसं आहेत. मला तो प्रश्न फार खरा वाटतो. त्याकडे पुन्हा येतो.

आधी 'तप' या शब्दाकडे. पंधरा दिवस मी थंडीचा विचार करत होतो, आणि एका रात्री लक्षात आलं की तप म्हणजे मुळात ताप. तापणं. शब्दातच धग आहे, गारठा कुठेच नाही. हिमालयात बसलेला योगी थंडीसाठी बसलेला नाही, आत काही पेटवायला बसलाय. बाहेरची थंडी आतला जाळ पारखायला आहे. तिबेटात मिलारेपाची कथा घरोघर सांगतात. 'रेपा' म्हणजे सुती वस्त्र नेसणारा. बर्फातल्या गुहेत एका सुती कपड्यावर राहून ध्यानाने अंग तापवणारा हा साधक. त्या विद्येला ते तुम्मो म्हणतात. अमेरिकेतले डॉक्टर हर्बर्ट बेन्सन यांनी अशा काही भिक्षूंना थर्मामीटर लावले, 1982 साली त्याचा निबंध आला. बोटांचं तापमान 8.3 अंशांपर्यंत वाढलेलं भरलं. हे वाचल्यावर अण्णांच्या प्रश्नाला धार आली. आत जाळ असेल तर बंडी कशाला, आणि नसेल तर बंडी घालून तप कसलं?

शिरवळजवळच्या डोंगरात बौद्ध लेणी आहेत. साधी, नक्षी नसलेली, हीनयान काळातली. सायकलवर फिरायचो त्या वयात मी तिथल्या खोल्यांत बसायचो. दगडाचा गारवा पाठीत शिरतो. इथे राहणारे भिक्षू हिवाळ्यात काय पांघरत असतील, हा प्रश्न लहानपणी पडला होता. उत्तर फार उशिरा, विनयपिटकाचं, म्हणजे बौद्ध भिक्षूंच्या नियमग्रंथाचं, भाषांतर वाचताना मिळालं. भगवान बुद्ध राजगृहाहून वैशालीला चालले होते. वाटेत पाहिलं तर भिक्षू चिवरांची गाठोडी घेऊन चाललेले, कुणाच्या डोक्यावर, कुणाच्या खांद्यावर, कुणाच्या कमरेला. किती वस्त्रं पुरेत, हे ठरवायला हवं होतं. त्यांनी सभा घेतली नाही. वैशालीला गोतमक चैत्यापाशी, हेमंतातल्या हिमपाताच्या दिवसांत, रात्री उघड्यावर एक चीवर पांघरून ते स्वतः बसले. पहिला याम सरताना थंडी वाजली, दुसरं पांघरलं. मधला याम सरताना वाजली, तिसरं पांघरलं. पहाटे वाजली, चौथं. मग नियम केला. थंडीला भिणारा, नाजूक अंगाचा भिक्षूसुद्धा तीन चिवरांत निभावेल; त्यातली संघाटी, म्हणजे बाहेरचं चीवर, दुहेरी असू द्या.

एका रात्रीत, स्वतःच्या अंगावर घेतलेलं हे माप आहे. सोसण्याचा अभिमान यात नाही आणि सुखाची हावही नाही. मी ठरवलं, अण्णांना बंडी घालायला सांगण्याआधी आपण एक रात्र गच्चीवर बसायचं.

पौषातली रात्र निवडली. दहा वाजता सुती सदऱ्यावर बसलो. शेजारी थर्मामीटर, अकरा अंश. हायवेवरच्या ट्रकांचे आवाज, कारखान्यांचे दिवे, आणि पलीकडे पाटलांच्या रानात धनगरांचा वाडा उतरलेला. माण तालुक्यातली माणसं दरवर्षी येतात. रानात मेंढरं बसवतात, खताच्या बदल्यात धान्य घेतात. वाघरीच्या आत मेंढरांची हालचाल ऐकू येत होती. साडेअकराला वाजायला लागली. स्वेटर चढवला. एकला पुन्हा वाजली, तेव्हा घोंगडं घेतलं. हे म्हसवडकडचं, दख्खनी मेंढीच्या लोकरीचं, चिंचोक्याची खळ दिलेलं. नवं असताना काट्यासारखं टोचायचं, आता मऊ झालंय. लोकरीचा एक गुण मोठा आहे: ती आपल्या वजनाच्या तिसऱ्या हिश्श्याएवढी ओल पिते तरी ओली लागत नाही, आणि ओल पिताना थोडी ऊब सोडते. घोंगड्यात मी तीनपर्यंत निवांत होतो.

तीनला बंडी घातली. सदऱ्यावर बंडी, वर स्वेटर, त्यावर घोंगडं. कातडीला थेट लागू द्यायची नाही आणि वर वारा अडवणारं काहीतरी हवं, नाहीतर सगळी धग आकाशाला जाते. बटण सगळ्यात वरच्या टप्प्यावर, लाल. पाच मिनिटांत पाठीवर कुणी हात ठेवल्यासारखं वाटलं. फार बरं वाटलं, हे कबूल करतो. आणि अर्ध्या तासाने लक्षात आलं की मला आजूबाजूचं काही ऐकू येईनासं झालंय. झोप नव्हती, गुंगी नव्हती. गरजच उरली नव्हती. तोपर्यंत मला वाघरीतला प्रत्येक खोकला ऐकू येत होता. अण्णांची भीती हीच असावी. कुडकुडणारा माणूस जागा असतो.

बटण खालच्या टप्प्यावर आणलं आणि तेवढ्यात रानातून बॅटरीचा झोत गच्चीवर पडला. "डॉक्टर, जागं हाईसा व्हय? कोकरू गारठलंय. थानाला तोंड लावंना."

खाली गेलो. मेंढी दिवस मावळता व्यालेली, जुळं. एक कोकरू उभं, दुसरं पोत्यावर आडवं. तोंडात बोट घातलं तर तोंड गार. थर्मामीटर लावला, 36 अंश. कोकराला 39 च्या वर हवं. मेंढक्याची कारभारीण चुलीतला जाळ वाढवून कोकरू शेकायला निघाली होती. मी तिला थांबवलं.

जन्मून पाच तासांच्या आतलं कोकरू गारठलं तर पुसून सरळ शेकावं. त्याच्या अंगात जन्माची तपकिरी चरबी शिल्लक असते, ती जळते. पण पाच तास उलटून गेले, पोटात चीक नाही आणि अंग 37 च्या खाली, तर शेकू नये. आतलं इंधन संपलेलं असतं. बाहेरून ऊब मिळाली की शरीर जागं होतं, जळायला काही मागतं, आत काही नसतं, आणि कोकरू झटके येऊन मरतं. हे मी खटावला असताना एका माणसाच्या डोळ्यांदेखत चुकून शिकलोय. त्याचं कोकरू माझ्या हातात गेलं. आधी वीस टक्क्यांचं ग्लुकोज कोमट करून बेंबीच्या बाजूने पोटात टोचायचं, किलोला दहा मिली. मग शेकायचं. मग नळीने चीक पाजायचा.

पिशवी घरातच असते. ग्लुकोज दिलं. आणि शेकायला चुलीपेक्षा बरं काहीतरी माझ्या अंगावरच होतं. बंडी काढली, फडक्यात कोकरू गुंडाळलं, वरून बंडी, बटण मधल्या टप्प्यावर. कारभारणीच्या मांडीवर ते बोचकं ठेवलं. बॅटरीवर दोन ठिपके उरलेले. तिने बंडीत हात घालून पाहिला आणि म्हणाली, "आईच्या पोटाएवढंच हाय की."

पाच-सव्वापाचला अण्णा देवळात निघाले होते. झोत पाहून वळले आणि काही न बोलता उकिडवे बसले. मी ग्लुकोजचं त्यांना सांगत होतो: आत काही नसताना बाहेरची ऊब दिली तर मरतं. त्यांनी मान वर केली. "पुन्हा सांग," म्हणाले. मी पुन्हा सांगितलं. बराच वेळ ते कोकराच्या तोंडाकडे बघत राहिले. मग म्हणाले, "म्हंजी ऊब वाईट न्हाई. आत काय तरी जळाय पायजे."

मी हे वाक्य पंधरा दिवस शोधत होतो.

सहाच्या सुमाराला कोकराने मान धरली. चीक पाजला. ते मुतलं, बंडी भिजली. मी वायर काढून घेतली.

आता तो राहिलेला प्रश्न: ऊब घेताना आपण कुणाला जाळतो? विनयात शेकण्याबद्दलही एक नियम आहे. भग्ग देशात थंडीच्या दिवसांत भिक्षूंनी एक मोठा पोकळ ओंडका पेटवला आणि भोवती शेकत बसले. ओंडक्यात काळा साप होता. आच लागली तसा तो बाहेर पडला आणि भिक्षूंच्या अंगावर धावला. तेव्हा नियम झाला, की भिक्षूने शेकण्यासाठी आग पेटवू नये. पुढे त्यात सवलत आली ती आजाऱ्याला. मला या नियमाचं फार वाटतं. ऊब घेऊ नका असं त्यात नाही. ओंडक्यात कोण आहे ते बघा, आणि आजारी असेल त्याला अडवू नका.

माझ्या ओंडक्यात कोण होतं? बॅटरीतल्या कोबाल्टचा मोठा वाटा आफ्रिकेतल्या काँगोतून येतो, तिथल्या खाणींत लहान पोरं हातांनी माती उकरतात. आणि केदारच्या वाटेवर खेचरं असतात. 2023 ला मी एका खेचराच्या पाठीवरची गोधडी उचलून पाहिली होती; खाली चोळवटून लाल झालेली कातडी, गोधडी घामाने आणि पावसाने पिळून निघेल इतकी ओली, आणि जनावर उभ्या उभ्या थरथरत होतं. थरथरणाऱ्या खेचराच्या पाठीवर जो बसला होता त्याने अंगात तीन स्वेटर घातले होते आणि तो नामस्मरण करत होता. त्याच्या भक्तीबद्दल मला शंका नाही. पण स्वतःच्या थंडीचा हिशेब देवापाशी मांडणाऱ्याने खालच्या जनावराच्या थंडीकडे बघू नये, हे मला त्या दिवसापासून सलतंय. थंडी सोसायचीच तर स्वतःच्या अंगावर सोसावी. दुसऱ्याच्या अंगावरची थंडी देवाला चालत नाही, असं मी मानतो. म्हणून आम्ही ठरवलंय, अण्णांच्याने चालवेल तेवढं चालायचं, मुक्काम वाढवायचे, आणि नाहीच झालं तर हात जोडून अर्ध्या वाटेतून परत फिरायचं. हे अण्णांनी आनंदाने कबूल केलं. अर्ध्या वाटेतून परत फिरणं हेही त्यांना मोठं वाहणं वाटलं.

उरली बंडी. ती अण्णांनी स्वतः धुतली. पॉवरबँक काढून, वायरीच्या तोंडावर टोपण लावून, मी सांगितलं तशी हातानेच, न पिळता. सावलीत वाळवली. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी माझ्याकडे आले आणि म्हणाले, "घालीन मी. पण एक हाय. बटण मी दाबायचो न्हाई. तू दाबायचं. तू मला इचारायचं, वाजतीय का. मी खरं सांगीन."

मला आधी वाटलं त्यांना बटणाची भीती वाटतेय. मग गीतेतला तोच सतरावा अध्याय आठवला. शरीराचं तप तिथे सांगितलंय, तसंच वाणीचंही सांगितलंय, आणि वाणीच्या तपात खरं बोलणं आहे. अण्णांनी आपल्याला वाहायला काहीतरी शोधून काढलं होतं. सोसण्याची सवय लागलेल्या माणसाला 'वाजतीय' म्हणणं फार जड जातं. चाळीस वर्षं दारं धरताना त्यांना कुणी विचारलं नव्हतं आणि त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं.

माझ्या बाजूने मी एक भर घातली. अण्णांच्या अंगाची जाण कमी, तेव्हा दर अर्ध्या तासाने मी त्यांच्या पाठीला बंडीच्या आतून हात लावून बघणार. आणि झोपताना बंडी अंगात नाही, मग थंडी असो नसो. त्याला ते हो म्हणाले.

माघात काकडा नसतो, पण अण्णांचं पहाटेचं देवळात जाणं असतंच. काल मी बरोबर गेलो. साडेपाचची वेळ, नीरेवरून वारा. अण्णा सदरा, बंडी, उपरणं. देवळाच्या पायरीपाशी मी विचारलं, "अण्णा, वाजतीय का?"

ते थांबले. डोळे मिटले. मला वाटलं न्हाई म्हणतील, तोंडावर तसं आलंही होतं.

"वाजतीय," म्हणाले.

मी त्यांच्या उपरण्याखाली हात घातला आणि बटण दाबलं.